बेअरिंगच्या घराचे माप

मोटारीचे जुने इंजिन संपूर्ण उलगडून पुन्हा उभे करावयाचे म्हटले म्हणजे मालकाचे लक्ष सहसा नव्या भागांकडे असते. नवे पिस्टन, नवी सिलिंडरे, घासून गुळगुळीत केलेला क्रँकशाफ्ट आणि तेलकट कागदात गुंडाळलेली नवी बेअरिंगे टेबलावर ओळीने मांडलेली पाहिली, की इंजिन आता नव्यासारखे होणार अशी त्याची खात्री पटते. इंजिन जुळते, सुरू होते आणि काही दिवस गोडही चालते. मग एके दिवशी लांबचा पल्ला मारून मोटार गावात शिरते, चौकात थांबते, आणि चालकासमोरचा तेलाच्या दाबाचा दिवा मिणमिणू लागतो. गती वाढविली की तो विझतो, कमी केली की पुन्हा लागतो. सकाळी इंजिन थंड असताना मात्र त्याचा मागमूसही नसतो. तेल बदलले जाते, पंप बदलला जातो, दिव्याचे बटण बदलले जाते, आणि अखेर पदरचे पैसे दुसऱ्यांदा खर्चून इंजिन पुन्हा उलगडावे लागते. दोष सापडतो तो बहुधा अशा ठिकाणी, की जेथे पहिल्या वेळी कोणी माप लावलेच नव्हते: ज्या धातूच्या पेटीत ही सारी नवी सामग्री बसविली, त्या क्रँककेसच्या बेअरिंगांच्या घरांत.

क्रँककेस ही इंजिनाची मुख्य पेटी होय. तिच्या आडव्या भिंतींत वर्तुळाकार बोअर पाडलेले असतात. त्यांत मुख्य बेअरिंगे बसतात आणि बेअरिंगांत क्रँकशाफ्ट फिरतो. मिस्त्रीच्या बोलण्यात बेअरिंग हे चटकन झिजणारे, बदलावयाचे आणि म्हणून महत्त्वाचे. बोअर म्हणजे केवळ एक भोक. परंतु हे भोक झिजते, लांबट होते आणि जागचे हलतेही. ते कसे, हे पाहण्यास फोक्सवॅगनच्या 'बीटल' मोटारीच्या इंजिनाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. जर्मनीत जन्मलेली ही मोटार २००३ च्या जुलैअखेर मेक्सिकोतील पुएब्ला येथे बंद झाली, तोवर तिच्या दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक प्रती निघाल्या होत्या. त्यामुळे तिचे इंजिन जगभर जितक्या हातांनी उलगडले आणि जुळविले गेले, तितके दुसरे क्वचितच असेल.

या इंजिनात चार सिलिंडरे, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, अशी आडवी निजविलेली असतात. पेटी एकसंध नसून तिचे दोन अर्ध असतात. पेटाऱ्याचे झाकण नव्हे, तर बदाम मधोमध फोडावा तसे उभे डावे-उजवे अर्ध. ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची ओतलेली असते. मॅग्नेशियमची घनता सुमारे १.७४, अ‍ॅल्युमिनियमची २.७०, आणि लोखंडाची ७.८७, यावरून हा धातू का निवडला हे निराळे सांगावयास नको. क्रँकशाफ्टला चार मुख्य बेअरिंगे असून पहिल्या तिघांच्या घरांचा व्यास ६५.०० ते ६५.०२ मिलिमीटर ठेवावा असे कारखान्याचे माप आहे. झिजून ते ६५.०३ झाले की मर्यादा संपली. चौथे घर लहान, सुमारे ५० मिलिमीटरचे असते.

दोन शतांश मिलिमीटर हे अंतर डोळ्याला दिसत नाही. माणसाच्या डोक्याचा केस साधारणपणे सात शतांश मिलिमीटर जाड असतो. म्हणजे नव्या घराला दिलेली सारी मोकळीक केसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आपल्याकडील सुतार-लोहारांचे 'सूत' म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या सुताचे दीडशेहून अधिक तुकडे करावे तेव्हा ही मोकळीक हाती येते. एवढ्याशा अंतराची मातब्बरी काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आणि त्याचे उत्तर बेअरिंगात नसून तेलात आहे.

फिरणारा दांडा बेअरिंगावर टेकतो अशी सामान्य समजूत असते. १८८३ च्या सुमारास इंग्लंडात बोशां टॉवर या इंजिनिअरने आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगावर प्रयोग चालविले होते. बेअरिंगाच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी त्याने एक भोक पाडले होते. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल खाली जाण्याऐवजी वर उसळू लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून निघाली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक बसविला. बेअरिंगावरील भार दर चौरस इंचाला सरासरी शंभर पौंड होता; दाबमापकाचा काटा दोनशेच्या आकड्यापलीकडे गेला. निष्कर्ष असा, की आस धातूवर टेकलाच नव्हता. फिरता फिरता त्यानेच तेल आपल्याखाली ओढून घेतले होते आणि त्या तेलाच्या पातळ थरावर तो तरंगत होता. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी या थराचे गणित मांडले, आणि आजची बेअरिंगे त्याच गणितावर उभी आहेत.

या थरासाठी दांडा आणि बेअरिंग यांच्यात नेमकी फट लागते. बीटलच्या इंजिनात ती सामान्यतः तीन-चार ते दहा शतांश मिलिमीटर असते. फट कमी झाली तर तेलाला जागा उरत नाही आणि धातू धातूला भिडतो. फट जास्त झाली तर तेल थर धरण्यापूर्वीच कडेने निसटते, आणि हे निसटणे फटीच्या प्रमाणात वाढत नसून तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. पंप तर तेवढाच आहे. मग दाब कोठून राहणार?

आता घराकडे वळू. तेल पंपाकडून पेटीच्या भिंतीतील नळ्यांमधून येते, घराच्या भोकातून बेअरिंगाच्या भोकात शिरते आणि मग दांड्याला मिळते. घर मोठे झाले असेल, तर बेअरिंगाच्या पाठीमागेच एक दुसरी फट तयार होते आणि दांड्यापर्यंत पोहोचण्याआधीच तेल त्या फटीतून पळते. तेथेही घनाचाच नियम. शिवाय सैल बसलेले बेअरिंग दर फेऱ्याला घरात हलते, घराला ठोकते आणि ते आणखी मोठे करते. बेअरिंग नवे घातले म्हणून यांतील काहीच थांबत नाही. नवे बेअरिंग जुन्या, मोठ्या घरात जुन्याइतकेच सैल बसते.

दिवा केवळ इंजिन तापल्यावरच का लागावा, याचाही उलगडा येथेच होतो. तापलेले तेल पातळ होते हे एक कारण. परंतु दुसरे मॅग्नेशियमच्या स्वभावात आहे. एक मीटर लांबीचा मॅग्नेशियमचा दांडा एक अंश सेल्सिअस तापला तर सुमारे २६ सहस्रांश मिलिमीटर वाढतो. पोलाद सुमारे १२. इंजिन २० अंशांवरून १०० अंशांवर गेले, तर ६५ मिलिमीटरचे घर सुमारे १३५ सहस्रांश मिलिमीटरने मोठे होते, आणि तेवढ्याच व्यासाचे पोलादी कडे केवळ ६२ सहस्रांशांनी. म्हणजे थंड स्थितीत बेअरिंगावर असलेली पकड उष्णतेने ढिली पडते. कारखान्याने थंडपणी जी पकड ठेवलेली असते तिच्यात या ढिलाईची तरतूद आधीच केलेली असते. ठोके खाऊन मोठ्या झालेल्या घरात ती तरतूद उरलेली नसते.

आणि ठोके बसतात तेही वाईट जागी. पिस्टन आडवे असल्यामुळे त्यांचे धक्के आडव्या दिशेने येतात. पेटीचा जोड उभा असल्यामुळे ही नेमकी जोड फाकविणारी दिशा ठरते. या इंजिनाच्या मूळच्या क्रँकशाफ्टला तोलाची वजने नाहीत, म्हणून वेग वाढला की दांडा मध्यभागी लवतो आणि मधले, म्हणजे दुसरे बेअरिंग सर्वांत अधिक मार खाते. पेटी उलगडल्यावर मधल्या भिंतीच्या जोडावर बोल्टांच्या भोवती दोन्ही अर्ध एकमेकांवर घासल्याच्या मळकट, खरवडल्यासारख्या खुणा दिसल्या, तर जाणत्या मिस्त्रीला माप घेण्यापूर्वीच उत्तराचा अंदाज येतो. पण अंदाज म्हणजे माप नव्हे. बोट फिरवून 'घर ठीक आहे' असा निर्वाळा देणारे पुष्कळ असतात. बोटाला कडेचा उंचवटा लागेल, चार शतांशांची लांबट गोलाई लागणार नाही.

माप घेण्यातील पहिली अडचण अशी, की पेटी उघडी असताना हे घर अस्तित्वातच नसते. टेबलावर असतात दोन अर्धवर्तुळे. अर्धवर्तुळाला व्यास लावता येत नाही. दोन्ही अर्ध एकमेकांवर ठेवून, बोल्ट आवळल्यानंतरच वर्तुळ जन्माला येते, आणि त्याचा आकार आवळण्यावर अवलंबून असतो. म्हणून बेअरिंगे, क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट बाहेर ठेवून रिकामी पेटी बंद करावी लागते आणि इंजिन खरोखर जुळविताना जेवढ्या जोराने बोल्ट आवळावयाचे तेवढ्याच जोराने आता आवळावे लागतात. बारा मिलिमीटर जाडीच्या सहा मोठ्या बोल्टांच्या नटांना साडेतीन किलोग्रॅम-मीटर, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साडेतीन किलो वजन टांगल्यास जेवढा पीळ बसेल तेवढा. आठ मिलिमीटरच्या नटांना दोन. एकेक नट एकदम शेवटपर्यंत न आवळता सर्वांना थोडा थोडा पीळ देत जावे. हाताने जेमतेम लावलेल्या नटांवर घेतलेले माप घर आहे त्याहून मोठे दाखविते आणि चांगली पेटी भंगारात जाते.

त्याहीपूर्वी जोडाच्या कडा स्वच्छ पाहिजेत. या पेटीच्या दोन अर्धांमध्ये कागदाचे पॅकिंग नसते. धातूवर धातू बसतो आणि केवळ सांधणारा लेप पातळ लावलेला असतो. जुन्या लेपाचा दोन शतांश जाडीचा एक पापुद्रा राहिला, तरी त्याने आडवे माप तेवढेच वाढते. तो खरवडण्यास पोलादी पाते वापरणारा मात्र रोगापेक्षा औषध भयंकर करतो. मॅग्नेशियम मऊ आहे, त्यावर पडलेला ओरखडा तेलाला वाट करून देतो. द्रावकाने भिजवून लाकडी पट्टीने तो काढावा. घराच्या कडेला बेअरिंगाच्या दाबाने धातूची बारीक कड उभी राहिली असेल, तर ती हलक्या हाताने काढून टाकावी, नाही तर मापकाचे टोक तिच्यावर चढेल.

मापाचे साधन दोन हत्यारांचे मिळून होते. पहिले मायक्रोमीटर. आट्यांच्या स्क्रूने अंतर मोजण्याची कल्पना जुनीच. पण खिशात मावणारे मायक्रोमीटर फ्रान्समधील पाल्मेर यांनी १८४८ मध्ये पेटंट केले आणि त्यानंतर ते कारखान्याकारखान्यांत शिरले. स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर पुढे जातो, त्याच्या नळीवर पन्नास खुणा असतात. म्हणून एक खूण म्हणजे एक शतांश. दुसरे हत्यार बोअर डायल गेज. लांब दांडीच्या खालच्या टोकाला आडवे दोन स्पर्शबिंदू, त्यांपैकी एक स्थिर व एक आत-बाहेर होणारा, आणि वरच्या टोकाला घड्याळासारखी तबकडी. हे गेज स्वतः व्यास सांगत नाही. दिलेल्या व्यासाशी फरक किती, एवढेच सांगते. मायक्रोमीटर बरोबर ६५.०० वर लावून, आवळून, त्याच्या जबड्यात गेज धरावयाचे आणि काटा शून्यावर आणावयाचा. पुढचे सारे आकडे या एका क्षणाच्या काळजीवर उभे राहतात. मायक्रोमीटर एक शतांशाने चुकला, तर चारही घरे एक शतांशाने चुकतील, आणि आकडे एकमेकांशी जुळत असल्यामुळे संशयही येणार नाही.

गेज घरात उतरविल्यावर ते आसाच्या दिशेने सावकाश पुढे-मागे झुलवावे. दांडी तिरपी असताना बिंदूंमधील अंतर खऱ्या व्यासापेक्षा अधिक होते. दांडी काटकोनात आली की ते सर्वांत कमी होते आणि काटा क्षणभर थबकून मागे फिरतो. तो जेथून फिरतो ते माप. बहुतेक गेजांत घर मोठे असेल तर काटा उलट दिशेने जातो. नवशिक्याने हे आधी पक्के करून घ्यावे, अन्यथा झिजलेले घर त्याला कमी मापाचे वाटेल. दर ठिकाणी तीन वेळा माप घ्यावे. तिन्ही आकडे अर्ध्या शतांशाच्या आत आले नाहीत, तर दोष घराचा नव्हे, हाताचा.

एका घराला एकच माप पुरत नाही. जोडाला काटकोनात, म्हणजे आडवे. त्याच्या दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांवर तिरपे. आणि चौथे जवळजवळ उभे, परंतु नेमके जोडाच्या रेघेवर नव्हे, कारण तेथील कड किंचित मारलेली असते. हे सारे घराच्या दोन्ही तोंडांजवळ निरनिराळे घ्यावे. आकडे आले की त्यांची सरासरी काढण्याचा मोह अनेकांना होतो, आणि येथेच मोठा घात आहे. समजा, मधले घर उभे ६५.०१ आणि आडवे ६५.०५ भरले. सरासरी ६५.०३, म्हणजे मर्यादेत! प्रत्यक्षात त्या घरात बेअरिंग वरखाली घट्ट धरले जाईल, आणि धक्का ज्या दिशेने येतो नेमके त्याच दिशेने सैल राहील. निर्णय घ्यावयाचा तो सर्वांत मोठ्या आकड्यावर.

दोन बिंदूंच्या गेजाला एक आकार फसवू शकतो, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. इंग्लंडात १९६९ साली निघालेले पन्नास पेन्सांचे सात बाजूंचे नाणे कोणत्याही दिशेने मोजा, रुंदी तीच भरते. तरी ते गोल नाही. तसे विषम फुगवट्यांचे भोक चारही दिशांना सारखे माप दाखवील. ठोक्यांनी झिजलेल्या घरात असा आकार विरळा. पण निष्काळजीपणे पूर्वी कापलेल्या पेटीत संशय असेल, तर तीन बिंदूंच्या मापकाने खात्री करावी.

राहिली उष्णता. आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीने १९३१ मध्ये असे ठरविले, की लांबीची मापे २० अंश सेल्सिअस तापमानाची समजावी. मुंबईच्या वैशाखातील दुपारी कारखान्यात ३५ अंश असले, तर मॅग्नेशियमचे ६५ मिलिमीटरचे घर २५ सहस्रांशांनी वाढलेले असते. मायक्रोमीटर आणि गेज त्याच खोलीत रात्रभर ठेवले, म्हणजे सारे सारखे तापले आणि हिशेब फिटला असे वाटते. पण पोलादी मायक्रोमीटर वाढतो केवळ सुमारे ११ सहस्रांशांनी. उरलेले १४ सहस्रांश घराच्या नावावर फुकट चढतात. साऱ्या मोकळीकीच्या वीस सहस्रांशांपैकी चौदा केवळ ऋतूने खाल्ले! म्हणून एकतर पहाटेच्या गारव्यात किंवा वातानुकूलित खोलीत माप घ्यावे, नाहीतर तापमान टिपून ठेवून वजाबाकी करावी. नुकतीच गरम पाण्याने धुतलेली किंवा उन्हातून आत आणलेली पेटी त्या दिवशी मोजूच नये. तळहातात घट्ट धरलेला मायक्रोमीटरही काही मिनिटांत खोटे बोलू लागतो.

प्रत्येक घर स्वतंत्रपणे गोल असले, तरी तिन्ही एका रेषेत असतील असे नाही. मापात किंचित कमी, सरळ घासलेला पोलादी दंड बंद पेटीच्या तिन्ही घरांतून घालून तो हाताने फिरतो का, हे पाहणे हा त्यावरील जुना व सोपा उपाय. दंड मधल्या घरात अडला, तर पेटी वाकली आहे असे समजावे.

माप मर्यादेबाहेर गेले तर काय करावयाचे? काही मिस्त्री घराच्या पृष्ठावर पंचाने ठिपके मारून धातू उठवितात, काही बेअरिंगाच्या पाठीमागे पातळ पत्रा घालतात, तर काही दोन्ही अर्धांचे जोड घासून आडवे माप कमी करतात. पहिल्या दोन युक्त्या काही शे मैल टिकतात; तिसरी तर कॅमशाफ्टच्या घरांचाही नाश करते, कारण तीही त्याच जोडावर कापलेली असतात. खरा उपाय एकच: पेटी बंद करून, आवळून, एकाच दंडावरील पात्यांनी तिन्ही घरे एका रांगेत अर्धा मिलिमीटर मोठी, म्हणजे ६५.५० ची कापणे, आणि बाहेरून तितकीच जाड असलेली बेअरिंगे बसविणे. पुढे गरज पडल्यास आणखी अर्धा मिलिमीटर कापून ६६.०० करता येते. कापलेला धातू परत येत नाही, म्हणून जी पेटी ६५.०२ मध्ये आहे ती 'सोबत करून टाकू' म्हणून कापविणे हाही एक प्रकारचा नाशच होय. माप मालकाला हे सांगते, की खर्च करावयाचा की वाचवावयाचा. आणि पुष्कळदा ते वाचविण्याच्याच बाजूने साक्ष देते.

कापून आलेली पेटी पुन्हा धुऊन, आवळून, त्याच चार दिशांनी मोजावी. तिच्यासाठी आलेल्या नव्या बेअरिंगांचे बाहेरचे मापही लावून पाहावे, कारण डब्यावरचा आकडा आणि आतली वस्तू यांची गाठ नेहमीच पडते असे नाही. हे दोन अर्ध कारखान्यात एकत्र कापलेले असून त्यांची जोडी ठरलेली असते. एका पेटीचा डावा अर्ध दुसरीच्या उजव्याला लावला, तर बोल्ट बसतील, पण घरे जुळणार नाहीत. म्हणून घेतलेले सारे आकडे, त्या दिवसाचे तापमान आणि बोल्टांचा पीळ एका कागदावर लिहून तो कागद पेटीच्या दोन्ही अर्धांबरोबर बांधून ठेवण्याची रीत चांगल्या कारखान्यांत असते. पुढच्या वेळी इंजिन उलगडणाऱ्याला घर किती हजार मैलांत किती शतांश वाढले, हे त्या कागदावरूनच कळते.